वाचताना सगळं येतं, पेपरात काहीच नाही

बाई, सा. न.

मी बारावी सायन्सला आहे, सीबीएसई. आम्ही वाडीत राहतो. डिसेंबरातल्या प्री-बोर्डला केमिस्ट्रीत सत्तरपैकी एकतीस आले. फिजिक्स-मॅथ्समध्ये असं होत नाही. केमिस्ट्री मी रोज अडीच-तीन तास वाचतो, खोटं नाही सांगत. एनसीईआरटीचे दोन्ही भाग तीनदा वाचून झालेत. पुस्तकात पिवळा, गुलाबी, हिरवा असे तीन रंग मारलेत. वाचताना सगळं समजतं. पेपर हातात आला की प्रश्न ओळखीचा वाटतो, पण उत्तर सुचत नाही. ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स आज पाठ केल्या की परवा विसरतो. आई म्हणते, पहाटे चारला उठ. बाबा म्हणतात, क्लास बदलू. मित्र म्हणतो, फक्त इम्पॉर्टंट कर, पन्नास कुठे गेले नाहीत. त्यात उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर गेले, त्याचंही आता वाईट वाटतंय. पेपरला पाच आठवडे आहेत. काय करू?

केमिस्ट्रीने छळलेला, बडोदे

चिरंजीव छळलेल्या,

उत्तरायणाचं आधी मिटवून टाकू. बडोद्यात राहून चौदा आणि पंधरा जानेवारीला खालच्या खोलीत कोऑर्डिनेशन कंपाउंड्स करत बसलेला मुलगा मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. दिसला असता तर काळजीने त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं असतं. आणि हिशेब नीट कर: प्री-बोर्ड डिसेंबरात झाली, पतंग जानेवारीत उडाले. एकतीस मार्कांचा दोष गच्चीला लागत नाही.

दोष कुठे आहे ते तूच लिहिलं आहेस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही. ‘प्रश्न ओळखीचा वाटतो.’ न्यायमंदिरापाशी समोरून कोणीतरी येतं. चेहरा पक्का ओळखीचा. ते हसतात, आपण हसतो, ‘काय, कसं काय, घरी सगळे बरे?’ एवढं बोलून पुढे जातो, आणि सुरसागरला वळसा घालून घरी पोचेपर्यंत डोकं खाजवत राहतो, यांचं नाव काय बरं? केमिस्ट्रीशी तुझी ओळख ही अशी आहे. चेहरा तुला तीनदा, तीन रंगांत दाखवून झालाय. पेपर नाव विचारतो.

पुस्तक उघडं ठेवून वाचताना प्रत्येक ओळ ‘हो हो, माहितीय’ अशी मान डोलावते. कारण उत्तर समोरच असतं. ते डोक्यातून बाहेर काढायचा सराव तू एकदाही केलेला नाहीस, म्हणजे परीक्षेत जे करायचं नेमकं तेच सोडून बाकी सगळं केलंस. यावर अमेरिकेत रोडिगर आणि कारपिकी या दोघांनी 2006 साली एक साधा प्रयोग छापला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे निघून गेले होते. गंमत त्या पाच मिनिटांत आहे. वाचून उठल्यावर आपल्याला सगळं येतंय असं जे वाटतं, ते त्या घटकेला खरंच असतं. म्हणून तर माणूस फसतो.

तर आज रात्रीपासून हायलाइटर आईच्या ताब्यात दे. दिवाळीची रांगोळी रेखायला घेतील.

आता काय करायचं ते एका रात्रीपुरतं अगदी बारकाईने सांगते, कारण ‘लिहून सराव कर’ हे तुला आधीही दहाजणांनी सांगितलं असेल आणि तू ते ‘बघून लिहून काढ’ असं ऐकलं असशील. बघून लिहिणं म्हणजे हाताला व्यायाम, डोक्याला सुट्टी. एक रफ चोपडी घे, चांगली नको, चांगल्या वहीत आपण अक्षर काढत बसतो. ‘अल्कोहोल तयार करण्याच्या पद्धती’ एवढाच भाग वाच, तीन-चार पानं, वीस मिनिटं. मग पुस्तक बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून ये. टेबलावर पालथं घालू नकोस, हात जातो. परत येऊन कोऱ्या पानावर जे आठवेल ते लिही: समीकरणं, वर बाणावर अभिकारक, तापमान, सगळं. पहिली दोन मिनिटं पेन धावेल. मग अडकेल. हायड्रोबोरेशन झाल्यावर पुढे काय घालतात, हायड्रोजन पेरॉक्साइड ना, आणि अजून काहीतरी होतं... इथे तुला उठून पुस्तक आणावंसं वाटेल. उठू नकोस. ही जी दोन-तीन मिनिटं पोटात कसंतरी होतं, अभ्यास तेवढाच असतो. आधीची वीस मिनिटं त्याची तयारी होती. अजिबातच नाही आठवलं तर जागा मोकळी सोड, पुढचं लिही. मग लाल पेन घेऊन पुस्तक आण आणि स्वतःचाच पेपर तपास. राहिलेलं ‘सोडियम हायड्रॉक्साइड’ लाल शाईने भर. पानावर तारीख टाक.

दुसऱ्या दिवशी तो धडा परत वाचायचा नाही. कोरं पान घेऊन फक्त कालचं लाल तेवढं आठवून लिहायचं. मग तीन दिवसांनी एकदा, मग आठवड्याने. दर वेळी लाल कमी होत जाईल, आणि जे चौथ्या वेळीही लाल राहील ते एका कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. बाहेरून नको, पाहुणे वाचतात.

आज पाठ केलेलं परवा विसरतो, याचं तू फार मनाला लावून घेतलंयस. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजून 1885 साली पुस्तक लिहिलं. पहिल्या दिवसात विसरणं सर्वांत जोरात होतं आणि मग मंदावतं, हे तेव्हापासून ठाऊक आहे. तुझी स्मरणशक्ती खराब नाही, सर्वांसारखी आहे. विसरायच्या बेतात असताना ओढून काढलेली गोष्ट जास्त घट्ट बसते, म्हणून मधे दिवस सोडायचे. एकाच रविवारी सात तास ऑरगॅनिक केल्याने काय होतं ते तू अनुभवलंच आहेस.

आता गणितं. फिजिक्स-मॅथ्स जमतं म्हणतोस, म्हणजे फिजिकल केमिस्ट्रीत मार्क जायला नकोत, पण जातात, आणि कुठे जातात ते मला न बघता माहितीय. एक घे. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून 2 ॲम्पिअर प्रवाह 30 मिनिटं सोडला, कॅथोडवर तांबं किती जमेल? सूत्र तुला पाठ आहे. पहिला सापळा: 30 मिनिटांचे 1800 सेकंद करायचे. म्हणजे विद्युतभार 3600 कुलोम. त्याला 96500 ने भागलं की 0.0373 मोल इलेक्ट्रॉन. इथे थांब. तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तांबं त्याच्या निम्मं, 0.01865 मोल. गुणिले 63.5, उत्तर 1.18 ग्रॅम. ज्यांनी दोनाने भागलं नाही त्यांचं उत्तर 2.37 येतं, आणि पेपर तपासताना मला हे 2.37 इतक्या वेळा भेटलंय की ते मला तांब्याचा दुसरा अणुभारांक वाटायला लागलाय. ही चूक गणिताची नसते. अर्धं समीकरण न लिहिता थेट सूत्रात आकडे टाकण्याची असते. आधी एक ओळ समीकरण, मग आकडे, आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकक. एकक लिहायचा कंटाळा करणारा मुलगा सेकंदांच्या जागी मिनिटं टाकतोच.

दुसरं, कॅल्क्युलेटर. घरी मोबाइलवर भागाकार करत असशील तर आजपासून बंद. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि लांबलचक भागाकार हाताने परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी सोवळं नेसायला शिकणं. 2, 3, 5 आणि 7 यांचे लॉग तोंडपाठ ठेव, बरंचसं काम त्यातच उरकतं. आणि उत्तराचा अंदाज आधी घ्यायची सवय लाव. पहिल्या कोटीची अभिक्रिया 99.9 टक्के पुरी व्हायला किती वेळ, असं विचारलं की पोरं लॉगच्या मागे धावतात. अरे, दर अर्धायुष्याला निम्मं उरतं. दहा वेळा निम्मं केलं की 1024 पैकी 1 भाग उरतो, म्हणजे साधारण 0.1 टक्का. उत्तर दहा अर्धायुष्यांच्या आसपास आलं पाहिजे. लॉग लावून दोनशे आलं तर तिथेच कळेल की दशांशचिन्ह कुठेतरी सांडलंय.

तू बडोद्याचा आहेस ना? मग आपल्या रनोलीचा गुजरात अल्कलीजचा कारखाना विसरू नकोस. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि कॉस्टिक सोडा, क्लोरीन, हायड्रोजन मिळवायचे, हा तुझ्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या धड्यातला प्रश्न तिथे टनाटनाने सोडवला जातो. आता विचार कर. कॅथोडवर सोडियम का येत नाही? कारण सोडियमचा विभव उणे 2.71, पाण्याचा उणे 0.83, पाणी आधी इलेक्ट्रॉन घेतं आणि हायड्रोजन सुटतो. बरं, मग ॲनोडवर? ऑक्सिजनचा 1.23, क्लोरीनचा 1.36. आकड्यांवर गेलं तर ऑक्सिजन यायला हवा. येतो क्लोरीन. ऑक्सिजन सुटायला ओव्हरपोटेन्शियल, म्हणजे आकड्याहून जास्तीचा विभव, लागतं म्हणून. हा ‘यायला हवा होता पण येत नाही’ प्रकारच परीक्षकाला आवडतो, विधान-कारण प्रश्नांत तर हमखास. वाचताना जिथे जिथे अपवाद दिसेल तिथे समज की कोणीतरी तिथे प्रश्न काढून बसलंय.

यावरूनच इनऑरगॅनिकचं सांगून टाकते, ते थोडक्यात संपतं. डी-ब्लॉक कविता म्हणून पाठ करू नकोस, प्रत्येक वाक्याला ‘का’ विचार. झिंकचे क्षार पांढरे, कॉपरचे निळे, का? झिंकच्या आयनात डी-कक्षा भरलेल्या, इलेक्ट्रॉनला उडी मारायला जागाच नाही. कॉपरमध्ये एक जागा मोकळी. स्कॅन्डियमच्या आयनात डी-इलेक्ट्रॉनच नाहीत, तोही रंगहीन. छान. मग परमँगनेटमध्येही मँगनीज अधिक सात, डी-इलेक्ट्रॉन शून्य, आणि रंग कसला तर गर्द जांभळा! तो डी-डी उडीचा रंगच नव्हे, ऑक्सिजनकडून धातूकडे इलेक्ट्रॉन सरकल्याचा आहे. कारण कळलं की दहा ओळींची पाठांतरं दोन होतात. जी तरीही उरतात, क्रोमियम आणि कॉपरची इलेक्ट्रॉन मांडणी वगैरे, ती सरळ घोका. घोकणं हा गुन्हा नाही, सगळंच घोकणं हा आहे.

तुझं खरं दुखणं ऑरगॅनिक आहे, आणि तिथे मी जरा जास्त थांबणार आहे. तू रिॲक्शन्स यादीने पाठ करतोस, एकाखाली एक, जशा पुस्तकात आल्या तशा. कोणाला बडोदं दाखवायचं तर तू गल्ल्यांची नावं अकारविल्हे वाचून दाखवशील का? तू त्याला शहराच्या मधोमध, मांडवीत उभा करशील आणि म्हणशील, इकडे लहेरीपुरा दरवाजा, इकडे पाणीगेट, तिकडे चांपानेर, तिकडे गेंडीगेट. आता कुठे जायचं ते बोल. ऑरगॅनिकची मांडवी म्हणजे अल्कोहोल.

मोठा कागद घे, कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. मधोमध इथेनॉल लिही. लहेरीपुऱ्याकडे थायोनिल क्लोराइड घेऊन गेलास की क्लोरोइथेन. चांपानेरकडे तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि 443 केल्विन, की इथीन. पाणीगेटला पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट) घेऊन गेलास की इथेनॅलवर थांबतोस. गेंडीगेटला आम्लयुक्त परमँगनेट, तो मधे थांबू देत नाही, थेट इथेनॉइक आम्लापर्यंत नेऊन सोडतो. आणि चांपानेरच्या वाटेवर एक बोळ आहे: तेच सल्फ्युरिक आम्ल, पण 413 केल्विन, तर इथीनऐवजी ईथर. तीस अंशांचा फरक आणि दुसरंच घर. बाणावर तापमान न लिहिणाऱ्याचा मार्क परीक्षक का कापतो ते आता कळलं?

मग परतीचे रस्ते काढ. क्लोरोइथेनवरून पाण्यातलं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घेऊन निघालास तर परत मांडवीत, अल्कोहोलवर. अल्कोहोलमधलं केओएच घेतलंस तर इथीनच्या घरी. बाटलीवर नाव एकच, द्रावक वेगळा. इथेनॉइक आम्लावरून लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड परत इथेनॉलला आणतं. असं करत करत अमाइन, नायट्राइल, अमाइड सगळे जोडत जा. पहिल्या दिवशी नकाशा घाण दिसेल. तिसऱ्यांदा, न बघता, नव्या कागदावर काढशील तेव्हा रस्ते सरळ होतील. पाच आठवड्यांत हा नकाशा मला निदान आठ वेळा काढलेला हवा.

आणि याचा उपयोग बघ. प्रश्न येतो: इथेनॉलपासून प्रोपेनॉइक आम्ल बनवा. यादीवाला मुलगा यादी चाळतो, तिथे अशी रिॲक्शनच नाही, सोडून देतो. नकाशेवाला आधी कार्बन मोजतो. दोनाचे तीन झाले. एक कार्बन वाढवायचा तर सायनाइडच्या गल्लीतून जायला हवं. इथेनॉलवरून क्लोरोइथेन, पोटॅशियम सायनाइडने प्रोपेननायट्राइल, त्याचं जलअपघटन, प्रोपेनॉइक आम्ल. तीन बाण, तीन मार्क. उलट एक कार्बन कमी झालेला दिसला आणि शेवटी अमाइन हवं असेल तर हॉफमन ब्रोमामाइड. कन्व्हर्जनच्या प्रश्नात सगळ्यात आधी कार्बन मोजायचे, ही एक सवय जरी या उत्तरातून उचललीस तरी माझी शाई वसूल.

आता तुझ्या सल्लागार मंडळाकडे येऊ. मित्राचं ‘इम्पॉर्टंट’. सीबीएसईने धड्यांचे मार्क छापून दिलेत, तेव्हा अंदाज कशाला? द्रावणं 7, इलेक्ट्रोकेमिस्ट्री 9, कायनेटिक्स 7, डी-एफ ब्लॉक 7, कोऑर्डिनेशन 7, हॅलोअल्केन 6, अल्कोहोल-फिनॉल-ईथर 6, अल्डिहाइड-कीटोन-आम्ल 8, अमाइन 6, बायोमॉलिक्यूल्स 7. बेरीज सत्तर. यात सोडण्यासारखा एकही धडा नाही. पण बघ, शेवटचा बायोमॉलिक्यूल्सचा धडा सगळे ‘बायोवाल्यांचा आहे’ म्हणून टाकतात. अमाइनपेक्षा त्याला मार्क जास्त, आणि मेहनत निम्मी. ग्लुकोजची संरचना, प्रथिनांच्या पातळ्या, डीएनए-आरएनएतला फरक, जीवनसत्त्वं. दोन संध्याकाळी त्याला दे. ऑरगॅनिकचे पाच धडे मिळून तेहेतीस होतात, म्हणून मांडवीत इतका वेळ घालवला.

बाबांना सांग, पाच आठवडे राहिले असताना क्लास बदलणं म्हणजे स्वयंपाक अर्धा झाल्यावर चूल बदलणं. नवीन सर पहिले पंधरा दिवस त्यांच्या नोट्स उतरवून घेण्यात घालवतील. ते पैसे राहू द्या, तुला त्यातून एक किलो कोरे कागद आणून द्या. आईच्या पहाटे चारला माझा विरोध नाही, रात्री नऊला झोपणार असशील तर. बारापर्यंत जागून चारला उठणारा मुलगा पुस्तकासमोर बसलेला असतो, अभ्यास करत नसतो. रात्री लिहिलेलं डोक्यात मुरतं ते झोपेतच.

आजी आहे घरात? असली तर तिला कामाला लाव. रोज एक गोष्ट तिला मराठीतून समजावून सांगायची. लोणच्याच्या कैरीला मीठ लावलं की पाणी का सुटतं, हे ऑस्मॉसिस सांगून पटवता आलं तर द्रावणांचा धडा तुला आला. तिने ‘म्हणजे काय रे?’ विचारलं आणि तू ‘ते तसंच असतं’ म्हणालास, तर तिथे लाल पेन. तू विचार मराठीत करतोस, मित्रांशी गुजरातीत बोलतोस आणि पेपर इंग्रजीत लिहितोस, या तिन्हींच्या मधे बरंच सांडतं. हे दुखणं आपल्या गावाला जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं, त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचेच प्राध्यापक, आणि असलं शिक्षण मातृभाषेतून दिलं पाहिजे म्हणून ते झगडले. पुढे 1907 साली कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत त्यांनी अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी केली. अलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं जुनं भांडं, हे बडोद्यात जन्मून मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी समजत होते की ते कोणा साहेबाचं नाव.

शेवटच्या दोन आठवड्यांत पूर्ण पेपर, तीन तास, घड्याळ लावून. बोर्डाच्या साइटवर नमुना पेपर आणि त्याची मार्किंग स्कीम दोन्ही असतात. मुलं पेपर उतरवून घेतात आणि स्कीम उघडतच नाहीत. मी उलट म्हणेन, स्कीम आधी वाच. अर्धा मार्क सूत्राला, अर्धा एककाला, एक पायरीला, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तुझी लिहायची पद्धत आपोआप बदलेल. तेहेतीस प्रश्न असतात, त्यातले पहिले सोळा एकेका मार्काचे. त्यांवर पाऊण तास घालवणारे शेवटी पाच मार्कांचा प्रश्न ‘वेळ नाही पुरला’ म्हणून सोडतात. सुरुवातीच्या वाचायच्या पंधरा मिनिटांत विकल्पाच्या प्रश्नांतला कुठला सोडवायचा ते ठरवून टाक. पेन हातात नसताना हा निर्णय चांगला होतो.

प्रॅक्टिकलबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तीस मार्क आहेत ते, बाळा. सत्तरातल्या एकतीसवर रडतोस आणि या तिसांकडे बघतही नाहीस. सॉल्ट ॲनालिसिसचा क्रम तोंडपाठ हवा, आणि टायट्रेशनमधल्या प्रत्येक हालचालीचं कारण. परमँगनेटबरोबर सल्फ्युरिक आम्लच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्याच्याशीच भांडत बसतो आणि क्लोरीन सोडतो, नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक. ऑक्झॅलिक आम्ल 60-70 अंशांपर्यंत गरम करायचं, मोहर सॉल्ट करायचं नाही. परमँगनेट गडद, म्हणून ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची.

माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलला मला हे सगळं येत होतं. ब्युरेट भरली, रीडिंग घेतलं, थेंब थेंब सोडला, फिकट गुलाबी रंग टिकला. पहिलं रीडिंग एक, दुसरं त्याहून कमी, तिसरं आणखी वेगळं. हात कापायला लागले. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, फक्त वर बघत राहिले. मीही वर बघितलं. ब्युरेटच्या तोंडात फनेल तसंच होतं आणि त्याच्या नळीला लटकलेला एक जांभळा थेंब तेवढ्यात आत पडला. त्यांनी घड्याळ पाहिलं. वेळ उरली होती, मी चौथं रीडिंग घेतलं.

तुझं प्रॅक्टिकल कधी आहे ते कळव. आणि ब्युरेट भरलीस की पहिलं रीडिंग घ्यायच्या आधी फनेल काढ.